आरओ काढला आणि साधा स्टीलचा कँडलवाला फिल्टर घेतला, 14 महिन्यांनंतरचा अनुभव (फोंडा, गोवा)

खूप जणांनी विचारलं म्हणून लिहितेय, आणि जरा सविस्तरच लिहितेय, कारण नुसतं 'चांगला आहे, घ्या' म्हणून चालणार नाही. आमच्या घरी ह्या पाण्यावरून काय काय झालं ते सांगितल्याशिवाय हा फिल्टर का घेतला ते कळणार नाही. वस्तू म्हणाल तर अगदी साधी. स्टीलचे दोन डबे एकावर एक, वरच्यात दोन पांढऱ्या सिरॅमिकच्या कँडल, खालच्याला नळ. वीज लागत नाही, प्रेशर लागत नाही, भिंतीला भोक पाडायला लागत नाही. वर पाणी ओतायचं, ते कँडलमधून झिरपून खाली येतं, झालं. फोंड्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात 2,600 रुपयांना मिळाला. कंपनीचं नाव देत नाही कारण ह्या प्रकारात कंपनीने फारसा फरक पडत नाही, स्टील जाड आहे का, नळ नीट बसतो का आणि त्या मापाच्या कँडल पुढे बाजारात मिळणार का एवढंच बघायचं. माझ्याकडून 5 पैकी 4. तो एक मार्क का कापला ते पुढे येईलच.

आमचं घर बांदोड्याला. नळाला ओपाचं पाणी, म्हणजे खांडेपार नदीचं, आणि परसात जुनी विहीर आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी खणलेली, जांभ्यात. मे महिन्यातसुद्धा तळाला पाणी असतं. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीचंच पाणी प्यायचे सगळे, सासूबाई जुन्या लुगड्याचं फडकं चार घड्या करून कळशीच्या तोंडावर धरायच्या आणि त्यातून गाळायच्या. मला तेव्हा वाटायचं काय उपयोग असेल ह्याचा, कपड्यातून काय जंतू अडणार. नंतर वाचनात आलं की बांगलादेशात मतलब भागात शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला होता, जुनी सुती साडी घडी करून त्यातून पाणी गाळायला बायकांना शिकवलं आणि कॉलऱ्याच्या केसेस जवळजवळ निम्म्यावर आल्या, 2003 मध्ये तो अभ्यास छापून आला. कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकांना, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, चिकटून असतात आणि ते प्लवक जुन्या, विरलेल्या, धागे फुगलेल्या कापडात अडकतात. नवीन कापडापेक्षा जुनं चांगलं. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या आईने शिकवलं म्हणून करत होतो गो, आम्हाला काय माहीत."

तर आरओ, म्हणजे दाबाने पडद्यातून पाणी ढकलून क्षार काढणारं मशीन, घरात कसा आला ते सांगते, कारण मला खात्री आहे बऱ्याच जणांकडे तो असाच आला असणार. चारेक वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक सेल्समन दारावर आला. टेबलावर दोन ग्लास ठेवले, एकात आमच्या नळाचं पाणी, एकात त्याने आणलेलं आरओचं. चार कांड्यांचं एक यंत्र दोन्ही ग्लासात बुडवलं, प्लग लावला, आणि थोड्याच वेळात आमच्या ग्लासातलं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस. दुसरा ग्लास तसाच स्वच्छ. "मॅडम, हेच तुमची मुलं रोज पितात." सासूबाई तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्या पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात 16,500 रुपयांचा आरओ स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला.

ते तपकिरी काय होतं ते मला दोन वर्षांनी कळलं, जाऊबाईंच्या मुलामुळे. तो तेव्हा अकरावी सायन्सला होता. त्याने 9 व्होल्टची बॅटरी आणि दोन लोखंडी खिळे घेतले, आमच्याच आरओच्या पाण्यात धरले, काही झालं नाही. मग त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं, परत खिळे धरले, आणि काही मिनिटांत पाणी हिरवट होऊन नंतर तपकिरी व्हायला लागलं. "काकी, हा खिळ्याचा गंज आहे, पाण्यातली घाण नव्हे." क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते, वीज गेली की लोखंडाची कांडी विरघळते आणि त्याचा गंज तरंगायला लागतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे वीज जात नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं. म्हणजे जगातलं कितीही चांगलं पाणी, नारळाचं पाणीसुद्धा, त्या यंत्रात घाण दिसणार. दारावर कोणी असा प्रयोग दाखवायला आलं तर एवढंच करा, त्याच्या आरओच्या ग्लासात स्वतःच्या हाताने मीठ घाला आणि म्हणा आता दाखव.

तर आरओ चालू होता आणि आम्ही निर्धास्त. चव थोडी सपक लागायची पण सवय झाली. बाजूच्या पाइपमधून बाहेर जाणारं पाणी आम्ही आधी बघतच नव्हतो, एकदा मी बादली लावून मोजलं, 1 लिटर पिण्याचं पाणी व्हायला साधारण 3 लिटर बाहेर जात होतं. घरात सहा माणसं, पिण्याला आणि थोडं स्वयंपाकाला धरून दिवसाला 12 लिटर, म्हणजे 36 लिटर गटारात, महिन्याला हजार लिटरच्या वर. आमची गच्चीवरची टाकी 1000 लिटरची आहे. दर महिन्याला एक आख्खी टाकी ओतून देत होतो आणि मेमध्ये शेजारी टँकर बोलावत होते.

पण आरओ काढायचं कारण हे नव्हे. कारण म्हणजे धाकट्याची कावीळ.

मागच्याच्या मागच्या जुलैमध्ये पाऊस कसा होता ते फोंड्याच्या लोकांना आठवत असेल, आमच्या वाड्यावर झाड पडून तारा तुटल्या आणि तीन दिवस लाइट नव्हती. लाइट नाही म्हणजे आरओ नाही. त्याच्या टाकीतलं सात-आठ लिटर पहिल्या दिवशीच संपलं. मग काय करणार, स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी प्यायलो, दिसायला स्वच्छच होतं. गॅस होता, उकळता आलं असतं, पण दोन-तीन वर्षं बटण दाबून पाणी घ्यायची सवय, डोक्यातच आलं नाही. ऑगस्टच्या मध्यावर पोराला ताप, जेवण बघितलं की उलटी, आम्हाला वाटलं पोट बिघडलंय, आणि चौथ्या दिवशी लघवी गडद पिवळी आणि डोळे पिवळे. हिपॅटायटिस ए. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? मी एकदम ठामपणे म्हटलं, आरओचं. मग ते म्हणाले मागच्या महिना-दीड महिन्यात कधी दुसरं प्यालात का, कारण हा व्हायरस पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला 15 ते 50 दिवस लागतात. तेव्हा मला ते तीन दिवस आठवले. नक्की त्याच पाण्यातून झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही, शाळेत, गाड्यावर, कुठेही होऊ शकतं. पण तो महिनाभर अंथरुणावर होता, त्यात चतुर्थी आली आणि गेली, घरात गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधली, आरती झाली आणि हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेला. ह्या आजाराला वेगळं असं औषध नाही, विश्रांती आणि हलकं जेवण, बस. पेज आणि मुगाचं कढण देत होतो. नातेवाईक कुठली कुठली झाडपाल्याची औषधं सांगत होते ते डॉक्टरांनी अगदी हात जोडून बंद करायला सांगितलं, लिव्हर आधीच सुजलंय त्यावर आणखी ओझं नको म्हणाले.

तो उठून फिरायला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे पाणी तपासून घेतलं. आणि माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे, फिल्टर घ्यायच्या आधी पाणी तपासा, नंतर नको. जल जीवन मिशनखाली सरकारी पाण्याच्या लॅबमध्ये साध्या माणसालाही नमुना देता येतो, थोडे पैसे पडतात. बॅक्टेरियाच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक लागते, ती लॅबमधूनच घ्यायची, धुतलेली बिस्लेरीची बाटली चालत नाही. नळाच्या पाण्यासाठीच्या बाटलीत ते एक पावडर आधीच घालून देतात, क्लोरीन मारायला, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. ती पावडर बघून बाटली धुवू नका. नळाचं तोंड आधी ज्योतीने शेकायचं, पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचं, मग भरायचं, बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवायचं.

मी चार नमुने दिले. रस्त्यावरून पाइप घरात येतो तिथलं, गच्चीच्या टाकीतून स्वयंपाकघरात येतं ते, विहिरीचं आणि आरओचं. आरओचं पाणी स्वच्छ आलं, ते सांगायलाच पाहिजे. रस्त्यावरून येणारं पाणीही स्वच्छ, क्लोरीन लिटरला 0.3 मिलिग्रॅम, कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू) नाही. आणि आमच्याच टाकीतून येणारं, त्यात कोलिफॉर्म, क्लोरीन शून्य! म्हणजे चांगलं पाणी आमच्या दारापर्यंत येत होतं आणि ते खराब आम्ही करत होतो. नवरा गच्चीवर चढला तर झाकणाला तडा, एका बाजूने उघडं, आत आंब्याची पानं, तळाला चार बोटं चिखल आणि एक मेलेली पाल. किती महिने होती देव जाणे. मी तिथेच गच्चीवर बसले. मुलाला वाचवायला 16,500 चं यंत्र लावलं आणि डोक्यावरची टाकी सहा वर्षांत एकदाही उघडून बघितली नव्हती.

टाकी धुवायला जो प्लंबर आला तो इथलाच, वयस्कर माणूस, सगळ्या वाड्याचे पाइप त्याला पाठ. त्याने आरओकडे बघून विचारलं, "बाय, ह्या उदकाक आरओ कित्याक जाय?" (ह्या पाण्याला आरओ कशाला हवा?) मी म्हटलं टीडीएस, म्हणजे क्षार, कमी करायला. त्याने खिशातून पेनासारखा मीटर काढला. नळाचं पाणी 54. विहिरीचं 82. आरओचं 9. तो म्हणाला ह्यातून आणखी काय काढणार तुम्ही.

आता हे टीडीएस प्रकरण थोडं नीट सांगते कारण सगळा धंदा ह्यावर चाललाय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानलंय, दुसरा काही पर्याय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यायचं. 2019 मध्ये हरित लवादाने तर म्हटलं होतं की 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदीच घाला, पाणी वाया जातं म्हणून. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नद्या छोट्या, घाटातून उतरून लगेच समुद्राला मिळतात, आणि जांभ्यात विरघळण्यासारखे क्षार फार उरलेलेच नसतात, सगळे लाखो वर्षांच्या पावसाने धुवून नेलेत, मागे राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून आपलं पाणी मुळातच मऊ. सोलापूर-नगरकडच्या बोअरच्या पाण्यासाठी बनवलेलं मशीन आपण ओपाच्या पाण्याला लावतो. आणि मुख्य म्हणजे तो मीटर जंतू दाखवत नाही. मेलेली पाल असलेल्या आमच्या टाकीच्या पाण्याचा टीडीएसही 56 होता. तो आकडा बघून कोणी पाणी 'प्युअर' ठरवत असेल तर कृपा करून थांबा.

तर मग लागतं काय, जंतू अडवणारं किंवा मारणारं काहीतरी, आणि पावसाळ्यात गढूळपणा काढणारं. युव्ही-युएफवाले (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारे आणि बारीक पडद्याने गाळणारे) मिळतात, चांगले असतात, पण युव्हीला परत वीज लागते आणि पाणी गढूळ असलं तर तो प्रकाश नीट पोचत नाही. मला वीज नसताना चालणारं हवं होतं, त्या तीन दिवसांनंतर दुसरं काही नकोच होतं. म्हणून हा स्टीलचा. माझ्या माहेरी डिचोलीला असाच होता, त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घालायची आई.

आता वापराबद्दल. आणल्यावर पहिले दोन-तीन डबे पाणी टाकून द्यायचं, मातीसारखा वास येतो. मग चव छान लागते, आरओच्या सपक पाण्यानंतर तर पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "हां, हे पाणी." वेग कमी, दोन कँडल मिळून तासाला तीनेक लिटर, नव्या असताना, नंतर कमी होत जातो. रात्री झोपताना वरचा डबा भरून ठेवायचा, सकाळी खालचा भरलेला असतो. पाहुणे आले की पुरत नाही, चतुर्थीला तर नाहीच, त्यासाठी आम्ही उकळून दोन मोठ्या पातेल्यांत वेगळं ठेवतो. पावसाळ्यात आठवड्याला कँडल धुवायची, एरवी पंधरा दिवसांनी. वाहत्या पाण्याखाली मऊ घासणीने हलक्या हाताने, साबण अजिबात नको, तो छिद्रांत बसतो आणि मग आठवडाभर पाण्याला वास. जुलैमध्ये पांढऱ्या कँडलवर चहासारखा तपकिरी थर बसलेला बघितला की कळतं एरवी हे पोटात जात होतं. घासून घासून कँडल पातळ होते, म्हणून आम्ही दहा महिन्यांनी जोडी बदलली, 480 रुपये.

एक गोष्ट लक्षात ठेवा जी दुकानदाराने मला सांगितली नाही. फिल्टर अचानक भराभर गळायला लागला तर खूश होऊ नका. म्हणजे कँडलला बारीक तडा गेलाय किंवा खालचा रबरी वॉशर ढिला झालाय आणि न गाळलेलं पाणी सरळ खाली जातंय. आमचं मार्चमध्ये असं झालं, दोन दिवस मला वाटलं नवीन कँडल चांगली लागली. वॉशर कडक होऊन चिरलेला. तेव्हापासून दोन वॉशर जास्तीचे ड्रॉवरमध्ये असतात. नळही सहा महिन्यांनी ठिबकायला लागला, तो बदलला, मूळचा प्लास्टिकचा होता, आता स्टीलचा लावलाय. हा कापलेला एक मार्क ह्या नळाचा आणि वॉशरचा, 2,600 घेता तर ह्या दोन वस्तू चांगल्या द्यायला काय हरकत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही कँडल गाळ आणि बहुतेक बॅक्टेरिया अडवते, पण व्हायरस अडवत नाही, तो तिच्या छिद्रांपेक्षा फार म्हणजे फारच लहान. माझ्या पोराला झाली ती कावीळ ह्या फिल्टरने थांबली नसती. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे गाळलेलं पाणी उकळूनच पितात. आधी गाळायचं, मग उकळायचं, उलट नाही, कारण उकळलेलं पाणी परत फिल्टरच्या डब्यात घातलं तर तिथे काय लागेल सांगता येत नाही. बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नव्हे, पाणी चांगलं खळखळायला लागल्यावर 1 मिनिट, समुद्रसपाटीला तेवढं पुरतं, मी समाधानासाठी तीन मिनिटं ठेवते. आणि त्याच भांड्यात झाकून गार करायचं. आमच्याकडे आधी पाण्याच्या भांड्यात सगळे पेला बुडवून घ्यायचे, बोटांसकट. ते मी बंद केलं, लांब दांड्याचा ओघराळा ठेवलाय, आता पाहुणेसुद्धा तोच घेतात. गॅस जास्त जातो हे खरं, सिलिंडर चार-पाच दिवस आधी संपतो पावसाळ्यात.

कार्बनवाली कँडलही मिळते, क्लोरीनचा वास काढणारी. मी मुद्दाम साधी घेतली. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन उरलेला असतो तो पाणी साठवलेलं असताना राखण करतो, तो काढून टाकला तर मग त्या पाण्याला राखण कसली.

विहिरीचं विचारणाऱ्यांसाठी. आमच्या विहिरीच्या रिपोर्टात इ. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) आला आणि लोहही होतं, पीएच 6.1, म्हणजे थोडं आंबट. जांभ्याला भेगा असतात, शेजारच्या शोषखड्ड्यातलं पाणी कुठून कसं येईल सांगता येत नाही, आणि पावसात तर पाण्याची पातळी वर आली की सगळं एक होतं. लोहाचं म्हणाल तर काढल्यावर पाणी एकदम काचेसारखं दिसतं आणि बादलीत रात्रभर राहिलं की लालसर होतं, तळाला गंज बसतो, त्या पाण्याचा चहा काळपट होतो. विरघळलेलं लोह कँडलमधून सरळ निघून जातं, म्हणून आधी उघड्या पसरट भांड्यात ठेवायचं, हवा लागून ते लाल होऊन खाली बसू द्यायचं, मग वरचं निवळ पाणी फिल्टरमध्ये. उकळून लोह जात नाही. टीसीएल घालायचं तर 1000 लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, एक तास थांबायचं. अंदाजाने मूठभर टाकणारे बघितलेत मी, मग पाणी तोंडात धरवत नाही आणि लोक म्हणतात क्लोरीन वाईट. आम्ही विहीर आता आंघोळीला, भांड्यांना आणि परसातल्या झाडांना वापरतो. सासूबाईंना हे फार लागलं, त्यांच्या सासऱ्यांची विहीर ती, सकाळी तिच्या कठड्याला फूल वाहतात अजून. त्यांना मी एवढंच सांगितलं की विहीर वाईट नाही झाली, आपण तिच्या आजूबाजूला घरं आणि खड्डे वाढवले.

'नॅचरल' पाण्यावाल्यांशी माझं इथेच जमत नाही. माझी एक मैत्रीण दर रविवारी गाडी काढून झरीवर जाते, कॅन भरून आणते, आठवडाभर तेच पितात, 'डोंगरातलं जिवंत पाणी' म्हणते. झरी मलाही आवडतात हो, केसरव्हाळला लहानपणी वडील न्यायचे आंघोळीला, पणजीतल्या फोंताइन्हासचं नावच झऱ्यांवरून पडलंय, आपली कुळागरं, म्हणजे माड-पोफळीच्या बागा, उभी आहेत ती झऱ्याच्या पाटाच्या पाण्यावर. पण झरीच्या वरच्या अंगाला आज काय आहे ते बघितलंय का कोणी, पूर्वी रान होतं, आता बंगले असतील, त्यांचे खड्डे असतील. थंड आणि गोड लागतं म्हणजे स्वच्छ असं नाही. तिला म्हटलं एक नमुना दे तपासायला, चांगला आला तर मीही येईन तुझ्याबरोबर कॅन घेऊन. अजून दिलेला नाही.

तसंच ते पाणी अल्कधर्मी करून देणारं अल्कलाइन मशीन. लाखाच्या वर किंमत सांगतात. आपल्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की ते पाणी तिथे गेल्या गेल्या त्याचं अल्कलाइनपण संपतं, आणि रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि किडन्या करतात. लाख रुपयांत पाच वेळा टाकी, विहीर, पाइप सगळं दुरुस्त होईल घरातलं.

तांब्याच्या कळशीत रात्रभर पाणी ठेवायची आपली पद्धत मात्र मला पटते, तांब्याने बॅक्टेरिया मरतात हे तपासून बघितलेलं आहे. पण ती गाळलेल्या पाण्याला जोड म्हणून, आणि कळशी आतून चिंच किंवा आमसुलाने घासलेली हवी, हिरवट काळी नको. आंबट काही त्यात ठेवायचं नाही.

तर खर्च, फिल्टर 2,600, कँडल 480, नळ 180, टाकी धुणं, नवीन झाकण आणि प्लंबर मिळून 1,900. आरओच्या वर्षाच्या सर्व्हिसलाच 4,000 जात होते. टाकी आता मेच्या शेवटी आणि दिवाळीआधी अशी दोनदा धुतो, झाकण स्क्रूने बसवलंय, ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी लावलीय. गेल्या ऑक्टोबरमध्ये टाकीच्या पाण्याचा परत नमुना दिला, कोलिफॉर्म नाही.

आरओ कोणी घेऊच नये असं नाही म्हणत मी. समुद्राकाठी, खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बाजूला, जिथे उन्हाळ्यात विहिरीत खारं पाणी घुसतं, किंवा खोल बोअर असेल, तिथे कँडलने काही होत नाही, मीठ त्यातून सरळ जातं, उकळलं तर उलट वाढतं. आमचा काढलेला आरओ माझ्या नणंदेकडे मांद्र्याला लावलाय, समुद्र त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटं. त्यांच्या विहिरीचा टीडीएस एप्रिलमध्ये 1,100 येतो, चहात दूध फाटायचं. आता त्या उन्हाळ्याचे तीन महिने आरओ लावतात, बाहेर पडणारं पाणी लादी पुसायला आणि माडांना, आणि पाऊस लागून विहीर गोडी झाली की बंद करून माझ्यासारखाच कँडलचा फिल्टर. भावोजींनी गेल्या आठवड्यात फोन करून विचारलं की कँडल कुठल्या मापाची, दोन जोड्या माझ्या घेताना त्यांच्यासाठीही आणायच्या आहेत.